टकलाला घातलेल्या टोप्या

पाय मुरगळला की माणूस हाडांच्या डॉक्टरकडे जातो. दाढ ठणकली की दातांच्या. केस गळायला लागले की मात्र तो सगळ्यांकडे जातो, फक्त डॉक्टरकडे जात नाही. आधी आई, मग आत्या, मग न्हावी, मग ऑफिसात शेजारी बसणारा, मग टीव्हीवरची जाहिरात, मग फोनवरची जाहिरात (एकदा केसांबद्दल काही शोधून बघाच, पुढचे सहा महिने फोन तुमचं डोकं सोडत नाही!), मग कुणाच्यातरी गावाकडचे 'हमखास गुण' देणारे कुणीतरी, आणि सगळ्यात शेवटी एक चकाचक एसी क्लिनिक. यातला प्रत्येक जण एकेक टोपी घालतो. टकलाला टोपी तशी शोभूनही दिसते म्हणा...

आता एवढं चिडायला काय झालं? सांगतो. पुतण्याची परवानगी घेऊनच लिहितोय, कारण आमच्या घरातले निम्मे लोक हा ब्लॉग वाचतात आणि उरलेल्या निम्म्यांना फोनवर वाचून दाखवतात, त्यामुळे लपवण्यात काही अर्थ नाही. पोरगा सव्वीस वर्षांचा. हिंजवडीत नोकरी, स्वभाव चांगला, पोहे तर त्याच्या आईपेक्षा बरे करतो (वहिनी, सॉरी). गेलं वर्षभर स्थळं बघणं चालू आहे. दोन ठिकाणी नकार आला, आणि त्यातल्या एकांनी मध्यस्थाकडून निरोप दिला की मुलगा फोटोपेक्षा 'मोठा वाटतो'. म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. झालं. घरात जणू सुतक. मग तो कुणालाही न सांगता एका क्लिनिकमध्ये गेला. तिथे पांढरा कोट घातलेल्या एका मुलीने (डॉक्टर नव्हे, 'कौन्सेलर') त्याच्या टाळूला कॅमेरा लावला, समोरच्या मोठ्या स्क्रीनवर त्याचीच टाळू फुटबॉलच्या मैदानाएवढी करून दाखवली आणि सांगितलं, "सर, अजून सहा महिने थांबलात तर काही करता येणार नाही." ऐंशी हजारांचं पॅकेज. बारा हप्ते. सवलत फक्त आज संध्याकाळपर्यंत. केस जाण्याचं कारण काय, हे त्याला तासाभरात कुणीही सांगितलं नाही. पोराने तिथूनच मला फोन केला, "काका, सही करू का?"

मलाच का, तर घरातलं अधिकृत टक्कल माझं. पस्तिशीच्या आत पूर्ण चंद्र झाला होता. मी त्यावर काही केलं नाही, करावंसं वाटलं नाही; लग्न आधीच झालं होतं :-) तेव्हा हा लेख टकलाच्या विरोधात नाही हे आधीच सांगून ठेवतो. टकलाच्या जिवावर जे बाजार मांडून बसलेत आणि त्यांच्या दुकानापर्यंत पोराला ढकलत नेणारे आपण सगळे, त्यांच्या विरोधात आहे.

तर मूळ मुद्दा. पुरुषांचं नेहमीचं टक्कल म्हणजे कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून मागे सरकणारं, टाळूवर गोल पडणारं, आणि कानांच्या वर व मागे घोड्याच्या नालेसारखी झालर शिल्लक ठेवणारं. हे का पडतं हे काही गूढ राहिलेलं नाही. जेम्स हॅमिल्टन नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९४२ मध्येच दाखवलं होतं की, वयात येण्याआधीच ज्यांचे वृषण काढले गेले किंवा निकामी झाले अशा पुरुषांना टक्कल पडत नाही. आणि त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं, तर ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांना ते पडायला लागतं. म्हणजे दोन गोष्टी लागतात, पुरुषी हार्मोन आणि घराणं. पुढचा धागा सापडला तो पार डोमिनिकन रिपब्लिकमधल्या एका आडगावात. तिथे काही मुलं जन्मतः मुलींसारखी दिसत, मुली म्हणूनच वाढत आणि वयात येताना त्यांचं शरीर पुरुषाचं होई. १९७४ मध्ये त्यांच्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी नावाच्या जास्त जहाल हार्मोनमध्ये रूपांतर करणारं एक एन्झाइम त्यांच्यात कमी होतं. आणि हेच लोक मोठे झाल्यावर त्यांची प्रोस्टेट लहानच राहायची आणि कपाळावरची केसांची रेषा जागची हलायची नाही! मर्क कंपनीच्या संशोधकांनी हे वाचलं आणि तेच एन्झाइम अडवणारं औषध बनवलं. फिनास्टेराइड. १९९२ मध्ये अमेरिकेत ते प्रोस्टेटसाठी मंजूर झालं आणि १९९७ मध्ये एक मिलिग्रॅमच्या गोळीत केसांसाठी.

मला ही गोष्ट फार आवडते. कुठलं ते गाव, कुठली ती पोरं, आणि त्यातून आपल्या गल्लीतल्या मेडिकलच्या फळीवर आलेली एक गोळी. आणि आपण काय करतोय? कांद्याचा रस चोळतोय.

डीएचटी काय करतं तर डोक्याच्या वरच्या भागातली केसांची मुळं हळूहळू आक्रसवतं. केस एकदम मरत नाही. तो दर खेपेला थोडा बारीक, थोडा आखूड उगवतो, असं करत करत शेवटी त्याची लव होते. मागच्या आणि बाजूच्या मुळांवर मात्र या हार्मोनचा तसा परिणाम होत नाही, म्हणून झालर टिकते. एवढं एक वाक्य समजलं की आपल्या घराघरांतली निम्मी कारणमीमांसा गळून पडते. "पुण्याचं पाणीच वाईट." बरं, ते पाणी डोक्याच्या मागच्या बाजूला पडत नाही का? "शाम्पू बदलला ना, त्याने." शाम्पू काय फक्त टाळूला लावतो? "रात्र रात्र कॉम्प्युटरसमोर बसतो." कॉम्प्युटर नव्हते तेव्हा आमच्या आजोबांचं डोकं कसं होतं, त्याचा फोटो दिवाणखान्यात हार घालून लावलाय, बघून घ्या. आणि हेल्मेट! हेल्मेटने टक्कल पडतं हे पुणेकरांना इतकं मनापासून पटतं की त्यावर मी वाद घालत नाही. अपघातात डोकं शाबूत राहिलं तर केसांचा विचार करता येईल, एवढंच म्हणतो.

(मामा टकला तर भाचा टकला, हे मात्र अगदीच खोटं नाही. या हार्मोनला प्रतिसाद देणारं एक महत्त्वाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, आणि मुलाला एक्स मिळतो तो आईकडून. पण वडिलांकडूनही बाकीची पुष्कळ जनुकं येतात. तेव्हा सासर-माहेर असं भांडण लावायचं काम नाही.)

दुसरं औषध मिनॉक्सिडिल. हे मुळात रक्तदाबाचं. अमेरिकेत १९७९ मध्ये त्याच्या गोळ्या मंजूर झाल्या, आणि घेणाऱ्यांच्या अंगावर, चेहऱ्यावर केस वाढायला लागले. मग तेच पातळ करून डोक्याला लावायचं औषध झालं, १९८८ मध्ये. दोन्हींची मूळ पेटंटं कधीच संपली. आपल्याकडे कितीतरी कंपन्या ती बनवतात. दोन्ही मिळून महिन्याचा खर्च चौघांनी एकदा बऱ्या हॉटेलात जेवायच्या बिलाहून कमी येतो. आणि मला वाटतं नेमकं हेच त्यांचं दुर्दैव आहे. ज्यात नफा मोठा नाही त्याची जाहिरात कोण करणार? ऐंशी हजारांच्या पॅकेजला एसी, कॅमेरा आणि कौन्सेलर परवडतात. साध्या गोळीला काय परवडणार?

आता तेलवाल्यांचा हुकमी प्रश्न. "मग आमच्या तेलाने ज्यांना गुण आला ते काय खोटं बोलतात?" नाही हो. बहुतेक जण खरंच बोलतात, आणि तीच गंमत आहे. फिनास्टेराइडची मोठी चाचणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. अठरा ते एक्केचाळीस वयाचे दीड हजारांवर पुरुष. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. डोक्यावरच्या ठरावीक वर्तुळातले केस मोजले. दोन वर्षांनंतर औषध घेणाऱ्यांपैकी ८३ टक्के लोकांचे केस सुरुवातीपेक्षा कमी झालेले नव्हते. आणि नुसती खोटी गोळी खाणाऱ्यांपैकी? २८ टक्के. पुन्हा वाचा. ज्यांनी काहीही घेतलं नाही अशा शंभरातल्या अठ्ठावीस जणांचे केस दोन वर्षांत कमी झाले नाहीत. कारण टक्कल सरळ रेषेत पडत नाही. ते थांबतं, रेंगाळतं, पुन्हा निघतं. आता त्या शंभर जणांना खोट्या गोळीऐवजी कुणीतरी जटामांसी, भृंगराज आणि एक हजार वर्षांपूर्वीची गुप्त कृती असलेलं तेल दिलं असतं तर? अठ्ठावीस समाधानी ग्राहक! 'आधी' आणि 'नंतर' फोटोंसकट, शपथेवर सांगायला तयार. जगातल्या कुठल्याही तेलाला हे अठ्ठावीस जण फुकट मिळतात. उरलेले बहात्तर जण जाहिरातीत येत नाहीत, ते पुढचं तेल शोधत असतात.

तेलाला फुकटचं श्रेय मिळण्याची आणखी एक जागा आहे. टायफॉइड, डेंगी, मोठं ऑपरेशन, बाळंतपण, एकदम कमी केलेलं वजन, यानंतर दोनतीन महिन्यांनी केस मूठभर जातात. २०२० आणि २०२१ मध्ये कोव्हिडनंतर घराघरांत हे पाहिलंय आपण. डोक्यावरचे पुष्कळ केस एकाच वेळी विश्रांतीला जातात आणि एकाच वेळी गळतात. यातली मुळं शाबूत असतात, त्यामुळे काही महिन्यांत बहुतेकांचे केस आपोआप परत येतात. पण केस गळायला लागले त्या आठवड्यात आपण तेल सुरू केलेलं असतं. सहा महिन्यांनी केस येतात आणि तेलाची सुवर्णपदकं लागतात! आमच्या आत्याच्या तेलाची सगळी ख्याती अशा दोन टायफॉइडवर उभी आहे. आत्या, रागावू नकोस. तुझ्या हाताने डोकं चोळून घेण्याचं सुख मी नाकारत नाही. झोप काय सुंदर लागते. खोबरेल तेल केसाला वंगण देतं, धुताना त्यातलं प्रथिन कमी वाया जातं हेही खरं आहे. २००३ मध्ये मुंबईच्या मॅरिकोमधल्या संशोधकांनी ते दाखवलेलं आहे. पण ती झाली असलेल्या केसाची निगा. आक्रसत चाललेल्या मुळाला तेल कितीही पाजा, त्याला डीएचटीच्या तावडीतून ते सोडवत नाही.

कांद्याचंही असंच. २००२ मध्ये बगदादच्या डॉक्टरांनी ३८ रुग्णांवर कांद्याच्या रसाचा एक छोटा प्रयोग केला होता. तो होता चाईवर. चाई म्हणजे रुपयाएवढे गोल गोल चट्टे पडतात ते, जिथे शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. तो आजारच वेगळा, आणि चाई पुष्कळदा आपणहून भरूनही येते. पण 'कांदा' आणि 'केस' एवढे दोन शब्द जाहिरातवाल्यांना पुरले. आता बाजारात कांद्याचं तेल, कांद्याचा शाम्पू, कांद्याचा कंडिशनर. थोड्या दिवसांनी कांदाभजीही केसांना चांगली म्हणून विकतील, आणि ती मात्र मी घेईन.

केस जाणं हा एकच आजार नाही, हे आपल्याला शेगावने शिकवायला हवं होतं. २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात गावंच्या गावं भांबावून गेली. डोकं खाजायचं आणि तीनचार दिवसांत टक्कल. पुरुष, बायका, शाळेतली पोरं, सगळ्यांचं. चॅनलवाल्यांनी लगेच 'टक्कल व्हायरस' असं बारसं केलं. कुणी शाम्पूवर घेतलं, कुणी पाण्यावर. शेवटी आयसीएमआरची पथकं आली, आणि महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर (विंचूदंशावरच्या कामामुळे आपण त्यांना ओळखतो) यांनी नमुने तपासून घेऊन रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. आता विचार करा, त्या गावांत कुणी तेलाची गाडी घेऊन उभा राहिला असता तर त्याचं तेल हातोहात खपलं असतं. कारण कळल्याशिवाय केलेला उपाय म्हणजे अंधारात मारलेला दगड, आणि दगड विकणारा प्रत्येक वेळी पैसे घेतो. थायरॉइड, रक्तातलं लोह, टाळूचा बुरशीचा संसर्ग, चालू असलेली औषधं... त्वचारोगतज्ज्ञ दहा मिनिटांत हे विचारतो, लागलं तर रक्त तपासतो. क्लिनिकमधल्या कॅमेऱ्याने त्यातलं काहीही विचारलं नव्हतं.

बरं, कायदा झोपलाय का? कायदा आहे. औषधांसंबंधीच्या १९४५ च्या नियमांत 'शेड्यूल जे' म्हणून एक यादी आहे. तिच्यातले आजार बरे करण्याचा किंवा टाळण्याचा दावा कुठल्याही औषधाने करायचा नाही. कर्करोग, मोतीबिंदू यांच्या पंगतीत त्या यादीत टक्कलही बसलंय, आणि नवे केस उगवणंही! म्हणजे कायद्याला माहीत आहे की इथे माणूस हळवा असतो आणि लुटला जातो. मग पळवाट काय? 'केस गळणं कमी' असं मोठ्या अक्षरांत, वर एक चांदणी, आणि खाली मुंगीच्या अक्षरांत 'केस तुटल्यामुळे होणारं गळणं'. तुटणारा केस वेगळा आणि मुळातून जाणारा वेगळा, हे त्यांच्या वकिलाला बरोबर कळतं. आपल्याला कळू नये अशी अक्षरांच्या आकाराची सोय असते. आणि जिथे बाटलीवर लेबलच नाही तिथे तर रामराज्य. २०२५ च्या मार्चमध्ये पंजाबात संगरूरला टक्कल घालवायचं फुकट शिबिर भरलं. लोकांनी रांगा लावून डोक्याला तेल लावून घेतलं आणि साठाहून जास्त माणसं डोळ्यांची आग घेऊन सरकारी दवाखान्यात पोचली. केस आले की नाही ही बातमी काही नंतर छापून आली नाही.

ऑपरेशनचं त्याहून गंभीर. केशप्रत्यारोपण हे थोतांड नाही. मागच्या झालरीतली मुळं पुढे लावली तर ती आपला मूळ स्वभाव सोडत नाहीत, टिकतात, हे न्यूयॉर्कच्या नॉर्मन ऑरेंट्राइश यांनी १९५० च्या दशकातच दाखवून दिलं. चांगल्या सर्जनच्या हातून चांगलं होतं. पण एक म्हणजे झालर मर्यादित असते, ते काही अक्षयपात्र नाही. पंचविशीत सगळी पुंजी पुढच्या रेषेवर खर्च केली आणि मागचं टक्कल पसरत राहिलं, तर चाळिशीत कपाळावर एक बेट आणि मागे समुद्र. दुसरं म्हणजे ही शस्त्रक्रिया आहे, भूल द्यावी लागते आणि तासन्‌तास चालते. चेन्नईत २०१६ मध्ये एक वैद्यकीय विद्यार्थी, मुंबईत २०१९ मध्ये एक व्यावसायिक, कानपुरात २०२५ मध्ये एक इंजिनिअर... केस लावायला गेलेली धडधाकट माणसं गेली. केस हो, केस! राष्ट्रीय वैद्यक आयोगाला २०२२ च्या सप्टेंबरमध्ये लेखी सांगावं लागलं की, कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून शिकणं हे केशप्रत्यारोपण करायला पुरेसं प्रशिक्षण नाही. हे सांगावं लागतं यातच सगळं आलं. तेव्हा ज्यांना करायचंच आहे त्यांनी सवलतीचा दर विचारण्याआधी कापणारा हात कुणाचा आहे, त्याची पदवी काय आणि काही बिघडलं तर तिथे सोय काय, हे विचारा. उत्तर देताना कौन्सेलर हसली तर उठून या.

आता मी गोळीचा एजंट आहे असं कुणाला वाटायच्या आत उलट बाजूही सांगतो. दोन्ही औषधं चालू आहेत तोवरच काम करतात. सोडली की वर्षभरात मिळवलेलं जातं. परिणाम दिसायला चार ते सहा महिने लागतात, आणि मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत केस आणखी गळू शकतात, त्याला घाबरून बरेच जण तिथेच सोडतात. घरात मांजर असेल तर जपा, मिनॉक्सिडिल मांजराला विषारी आहे. डोक्याला लावून तिला कुशीत घेऊन झोपू नका. फिनास्टेराइडने काही पुरुषांना कामेच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं असे त्रास होतात. चाचणीत पहिल्या वर्षी औषधवाल्यांत ३.८ टक्के, खोट्या गोळीवाल्यांत २.१ टक्के. काहींनी गोळी सोडल्यावरही त्रास राहिल्याचं सांगितलंय. मन उदास होणं, आत्महत्येचे विचार येणं याचाही इशारा आहे. २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी पुन्हा तपासून तो कायम केला. ज्याला नैराश्य येऊन गेलंय त्याने हे डॉक्टरला आधी सांगितलंच पाहिजे. घरात गरोदर बाई असेल तर तिने फुटलेली गोळी हाताळायची नाही. पुढे कधी प्रोस्टेटची पीएसए तपासणी झाली तर ही गोळी चालू आहे हे सांगायचं, कारण आकडा निम्म्यावर येतो. एवढं सगळं सांगणारं माणूस लागतं म्हणून डॉक्टर लागतो. मेडिकलवाल्याकडून परस्पर आणायची ही वस्तू नाही, आणि फोनवर चार प्रश्नांची उत्तरं देऊन घरपोच मागवायची तर नाहीच नाही. बायोटिनच्या गोळ्याही उगाच चघळू नका. कमतरता क्वचितच असते, आणि मोठ्या डोसने रक्ताच्या तपासण्यांचे आकडे चुकतात. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्येच तसं बजावलंय.

आणि म्हणूनच मला तेलाचा राग पैशांसाठी येत नाही. दीडशे रुपयांची बाटली, जाऊ द्या. राग येतो तो वेळेचा. ही औषधं उरलेले केस राखतात, थोडेफार दाटही करतात, पण पुरतं गेलेलं मूळ जिवंत करत नाहीत. ज्याला केस ठेवायचे आहेत त्याची पहिली तीनचार वर्षंच महत्त्वाची, आणि तीच आपण तेलात, कांद्यात, "अरे वय झालं की थांबेल" मध्ये घालवतो. क्लिनिकवाली म्हणाली सहा महिन्यांत सगळं संपेल, ती थाप. आत्या म्हणते काही घाई नाही, तीही चूकच. बरं, डॉक्टरकडे जाऊन, सगळं ऐकून, "नको, मला टक्कल चालेल" असं ठरवणं हाही शंभर नंबरी निर्णय आहे. माझा होता. दोन्हींपैकी काहीही निवडा, पण ते पोराने निवडावं. त्याला पोह्यांच्या ताटासमोर लाजवून ते निवडायला लावू नका.

इथे मी आपल्या घराकडे येतो. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये 'उजडा चमन' आणि 'बाला' असे टकल्या नायकाचे दोन सिनेमे आठवड्याभराच्या अंतराने आले होते. आपण सगळे हसलो. आमच्या लहानपणी टक्कल म्हणजे 'शान'मधला शाकाल, निदान त्याला लोक घाबरायचे तरी! मुलीच्या रंगावर, उंचीवर बोलायचं नाही हे आपण हळूहळू (फार हळूहळू) शिकलो. मुलाच्या केसांवर मात्र अजून खुलं मैदान आहे. मंगल कार्यालयाच्या दारात पाय ठेवला की नमस्काराच्या जागी "अरे, किती गेले रे केस!" जणू त्याच्या घरी आरसा नाही. इंग्लंडमध्ये २०२२ मध्ये एका कामगार न्यायाधिकरणाने कामावर एखाद्या पुरुषाला टकल्या म्हणून शिवी घालणं हा लिंगावर आधारित छळ ठरवला, आणि निकाल देणाऱ्या तिघांनी स्वतःच्या डोक्यांचाही दाखला दिला म्हणे. आपल्या कार्यालयांच्या दारात असं न्यायाधिकरण बसवलं तर निम्मा वऱ्हाडी गट आतच जायचा नाही.

पुतण्याने सही केली नाही. पुढच्या आठवड्यात तो एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेला. त्यांनी बाराशे रुपये घेतले, पाऊण तास प्रश्न विचारले, रक्त तपासलं, औषधाचे त्रास नीट समजावून सांगितले आणि डोक्याचे चार फोटो तारीख घालून काढून ठेवले. सहा महिन्यांनी त्याच उजेडात पुन्हा काढायचेत. औषध सुरू केलं की नाही ते मी इथे लिहिणार नाही, ती त्याची गोष्ट आहे, तेव्हा फोन करून विचारू नये.

धाकट्या चुलतबहिणीचं लग्न डिसेंबरात सांगलीला आहे. तो येणार आहे. वहिनी, त्याच्या बॅगेत तेलाची बाटली कोंबू नका, शर्टांवर सांडते. आणि बाकीच्यांना केसांवरून काही सुचलंच, तर मी दारात गुलाबपाणी शिंपडायला उभा असेन. माझं डोकं लांबूनही दिसतं, सरळ माझ्याकडे या.